अठ्ठावन्न घरांची एक सही

आमच्या भवानी लेआउटमध्ये गजर लावून कोणी झोपत नाही. रामीबाईंचा खराटा सुरू झाला की साडेपाच वाजले असं समजायचं आणि कूस बदलायची. आधी स्वतःचं अंगण, मग रस्ता, मग समोरची खुली जागा. ही खुली जागा म्हणजे प्लॉट पाडून हा लेआउट वसवताना नकाशावर हिरव्या रंगात दाखवलेला आणि कधीही बाग न झालेला पाऊण एकराचा तुकडा. मधे एक कडुलिंब, कडेला दोन बाभळी. रामीबाई तो सगळा झाडतात. त्यांना कोणी सांगितलेलं नाही. मी एकदा न राहवून विचारलं, "रामीबाई, एवढं मैदान कायले झाडता?"

"झाडलेलं असलं म्हंजे कोनी तथी घान टाकत नाई," त्या म्हणाल्या. "अन् माही नजर पोचते तथपर्यंत माहंच अंगन हाये, माणिकभौ."

मी माणिकराव. मूळचा रिठदचा, पण एकतीस वर्षं वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात तहसीलसमोर बसून लोकांचे अर्ज लिहिले. आधी हातानं, मग टाइपरायटरवर, आता कॉम्प्युटरवर. माझ्यासारखा अर्ज तालुक्यात कोणी लिहीत नाही असं माझं मत आहे. माझी बायको दुर्गाबाई हिचं मत असं की नळाला पाणी येत नाही एवढं सांगायला मला दीड पान लागतं. तिला भाषेतलं कळत नाही हे मी लग्नानंतर लवकरच ओळखलं आणि सोडून दिलं.

रामीबाई मानोऱ्याकडच्या एका बंजारा तांड्यातल्या. वडील तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख. लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर सोळा वर्षं ऊसतोडीला गेल्या. दिवाळी झाली की संसार ट्रकमध्ये चढायचा आणि होळीच्या सुमाराला परत उतरायचा. मधले महिने उसाच्या पाचटाच्या खोपीत. पुढं दोघांनी ऊसतोड सोडली, इथं प्लॉट घेतला, पाया भरला आणि चौकट उभी राहण्याआधीच त्यांचा नवरा गोपीचंद गेला. चांगला माणूस होता, बोलायचा कमी आणि हसायचा जास्त. मला अजून त्याची आठवण येते. रामीबाईंनी महिनाभर काम थांबवलं आणि मग गवंड्याला बोलावून सांगितलं, "दार उगवतीले काढजो. उंबरठ्यावर ऊन आलं पायजे." गवंडी म्हणाला, रस्ता तर बाजूला आहे. तर म्हणाल्या, "खोपीले उंबरठा नसते बापू. सोया वर्स मी उंबरठ्याबिगर राह्यली. आता माह्या मनासारखा बसव."

लेआउटमध्ये निम्मी घरं तांड्यांवरून आलेली, निम्मी आमच्यासारखी खेड्यांवरून. पण नालीच्या पाण्यावरून भांडण झालं की दोन्हीकडचे लोक रामीबाईंकडेच जातात. सगळे त्यांना नायकीण म्हणतात. निवाड्याची रीतही तांड्याचीच. कडुलिंबाखाली बसायचं, ज्याला जे बोलायचं ते बोलू द्यायचं, रामीबाई ऐकणार, शेवटी रामीबाई बोलणार. एकदा त्या बोलल्या की ते सगळ्यांचं बोलणं झालं. त्यानंतर तोंड उघडणं म्हणजे नायकावर भरवसा नाही असं सांगणं. मला ही रीत पहिल्यापासून आवडली, कारण आमच्या रिठदला उलट आहे. तिथं निवाडा झाल्यावरच खरं बोलायला सुरुवात होते.

लोक पेपरात निधनवार्ता आधी वाचतात, मी जाहीर सूचना वाचतो. धंद्याची सवय. गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका सूचनेत आमचाच गट नंबर दिसला आणि चहा हातात तसाच राहिला. सरकारी मराठीचं साध्या मराठीत सांगायचं तर असं होतं: लेआउट मंजूर झाला तेव्हा इथं फक्त बैठी घरं आणि वर एक मजला, एवढीच परवानगी होती. आता ती अट बदलून पाच मजली इमारतीला वाट द्यायची, साठ फ्लॅट, खाली दुकानं. आणि आमची खुली जागा उचलून नाल्याच्या पलीकडं न्यायची. कोणाची हरकत असेल तर तीस दिवसांत लेखी द्यावी.

प्रस्ताव हरीओमचा होता. त्याचं बसस्टँडजवळ हार्डवेअरचं दुकान आहे आणि लेआउटच्या कडेचे आठ रिकामे प्लॉट त्यानंच घेतलेत. पोरगा वाईट नाही. गोड बोलतो, वाकून नमस्कार करतो. त्याच्या दुकानाच्या परवान्याचा अर्ज मीच लिहिला होता. सूचना आली त्याच आठवड्यात तो पेढे आणि एक रंगीत माहितीपत्रक घेऊन रामीबाईंकडे आला. मी तिथंच बसलो होतो.

"काकू, तुमाले तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, हॉल, किचन. घर द्या, फ्लॅट घ्या. लिफ्टनं वर जायचं."

रामीबाईंनी पत्रक उलटसुलट करून पाहिलं. त्यात एक गोरी बाई गॅलरीत बसून दूर कुठंतरी बघत होती.

"हे बाई काय करून राह्यली?"

"आराम करून राह्यली, काकू."

"अन् अंगन झाडाचं कुठी?"

"झाडाले मानूस राहीन ना. तुमाले काईच करा लागनार नाई."

"मंग मी करू काय?" रामीबाईंनी अगदी मनापासून विचारलं.  हरीओमनं पेढ्यांचा डबा पुढं केला.

तो गेल्यावर रामीबाईंचा मुलगा देवानंद आतून आला. देवानंद वाशीमला एका क्लासमध्ये गणित शिकवतो, रोज मोटारसायकलनं जातो-येतो. त्यानं ते पत्रक उचललं, बराच वेळ पाहिलं आणि घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं. मी पाहिलं, पण लक्ष दिलं नाही. मी तेव्हा मनातल्या मनात हरकतीची सुरुवात जुळवत होतो.

रविवारी कडुलिंबाखाली सगळा लेआउट जमला. शिवणकाम करणारी बेबीबाई बोलली, बकऱ्या पाळणारा मोहनसिंग बोलला, पंचफुला बोलली, सगळे एकदम बोलले. देवानंद मागं उभा होता, तो बोलला नाही. शेवटी रामीबाई म्हणाल्या, "इमारत नाई पायजे. जागा हाये तथीच राहीन." झालं. अठ्ठावन्न घरांचा निकाल लागला.

मग मी माझी चार पानी हरकत वाचली. "शतकानुशतके या भूमीशी जडलेले आम्हा रहिवाशांचे नाते" असं एक वाक्य मला फार साधलं होतं. दुर्गाबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "लेआउट चौदा वर्साचा हाये." लोक हसले. मी ते वाक्य काढलं. अजून वाईट वाटतं.

आता सह्यांचं. मी अर्ज लिहिणारा माणूस. खाली प्रत्येकाची सही लागते हे मला कळत होतं. मी तसं म्हणालोही, पण हळू आवाजात. मोहनसिंग लगेच म्हणाला, "नायकीन बोलली ना? तिच्याखाली आमी अजून सह्या करून काय तिच्यावर भरोसा नाई असं दाखवाचं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि खरं सांगायचं तर मलाही ते सोयीचंच वाटलं. माझी चार सुबक पानं, खाली एकच सही. त्याऐवजी मागं वहीचे पाच कागद, वाकड्यातिकड्या सह्या, कुणाचा तेलाचा डाग. मी गप्प बसलो. ही माझी चूक आणि ती मी इथं कबूल करतो.

रामीबाईंना सही करायला त्यांची सून उज्ज्वला हिनं शिकवलं आहे. चार अक्षरं, पण त्या ती रांगोळीसारखी काढतात, एकेक ठिपका पाहून. पूर्ण एक मिनिट लागलं. शेवटची रेघ झाली तशी बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी ती हरकत सूचनेत दिलेल्या कार्यालयात देऊन आलो आणि तीन आठवडे छाती काढून हिंडलो.

मुदत सोमवारी संपत होती. त्याआधीच्या शुक्रवारी दुपारी मी सहज पोच मागायला गेलो. कारकुनानं रजिस्टर फिरवून दाखवलं. प्रस्तावाच्या बाजूनं एक्केचाळीस पत्रं. हरकती, एक.

"अहो, त्या एकात अठ्ठावन्न घरं आहेत," मी म्हणालो. "पहिल्याच ओळीत लिहिलंय, आम्ही सर्व रहिवासी."

"सह्या किती?"

"एक."

"मग हरकत एक," तो शांतपणे म्हणाला. तो बरोबर होता, आणि त्यामुळं मला त्याचा जास्तच राग आला.

मी तडक लेआउटवर आलो. रामीबाई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी आधी पाणी मागितलं, मग सगळं सांगितलं. वाटलं होतं चिडतील. मी चिडलो असतो.

"म्हंजे इथी परतेकाले वेगयं बोला लागते," त्या म्हणाल्या.

"हो."

"नायकाचं चालत नाई."

"नाही चालत."

त्यांनी आणखी दोन शेंगा सोलल्या. "मंग बोला लागते सगळ्याइले. माणिकभौ, तुमी तोंड पाडू नोका. माहंबी चुकलंच ना."

मला एकदम हुरूप आला. म्हटलं, माझाच मजकूर छापतो, फक्त नावं बदलतो, उद्या दुपारपर्यंत सगळ्या प्रती तयार. दुर्गाबाई कुंपणापलीकडून ऐकत होती. ती म्हणाली, "एकाच साच्यातले कागद पाहून साहेब म्हनन, हेबी एकाचंच बोलनं हाये. ज्याचं त्याले लिहू द्या. तुमी दूर राहा." आणि रामीबाईंनी तेच ठरवलं. एकतीस वर्षांच्या लेखणीला दोन दिवसांची सुट्टी मिळाली.

शनिवार-रविवार लेआउटमध्ये नुसती धमाल. वहीचे कागद फाटत होते, पोरांचे पेन पळवले जात होते, ज्यांना लिहिता येत नव्हतं ते सांगत होते आणि उज्ज्वला शब्दाला शब्द उतरवून घेत होती. मी ते कागद नंतर वाचले. बेबीबाईनं लिहिलं होतं, "माझी शिलाई मशीन दारात असते. दारातून मला येणारं-जाणारं माणूस दिसतं. इमारत झाली तर मला फक्त इमारत दिसेल." मोहनसिंग: "माझ्या दोन बकऱ्या आहेत. त्यांना लिफ्टमध्ये नेता येत नाही." पंचफुलेनं विचारलं होतं की नळ दोन दिवसांआड येतो, त्यात अठ्ठावन्न घरांचं भागत नाही, आणखी साठ घरं आल्यावर पाणी कुठून आणणार ते आधी सांगा. लालसिंग म्हाताऱ्यानं सांगितलं होतं, "आम्ही होळीला इथं लेंगी गातो, फेर धरून नाचतो. गाड्या लावायच्या जागेत लेंगी नाचता येत नाही." आमच्या घराचा कागद दुर्गाबाईनं लिहिला. एकच ओळ: "माझे पती घरात फार बोलतात, त्यामुळे मला संध्याकाळी मोकळ्या मैदानात बसण्याची गरज आहे." मी तिला म्हणालो की हा कागद सरकारदप्तरी कायम राहणार आहे. ती म्हणाली, राहू दे.

चार घरं बंद होती. ती माणसं ऊसतोडीला गेलेली. मी सुचवलं की त्यांच्या वतीनं आपण लिहू, ते थोडेच नाही म्हणणार आहेत. रामीबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वाक्य अर्धवट सोडलं. "आत्ताच समजलं ना तुमाले," त्या म्हणाल्या, "दुसऱ्याच्या तोंडानं बोलता येत नाई. राहू द्या."

सोमवारी सकाळी रामीबाईंनी कापडी पिशवी आणून दिली. मी कडुलिंबाखाली बसून कागद लावायला घेतले. त्या शेजारीच खराट्याची दोरी आवळत बसल्या होत्या. अर्ध्याहून जास्त झाले असतील, तेवढ्यात एक कागद हाताला लागला. अक्षर सुंदर, सरळ ओळी. देवानंदचा. पहिलंच वाक्य होतं: "माझी इमारतीला हरकत नाही."

मी पुढचं वाचलं. पुन्हा वाचलं. मग पिशवी सारखी करतो आहे असं दाखवत तो कागद हळूच मांडीखाली सरकवला. मला तेव्हा दुसरं काही सुचलं नाही. नायकिणीचं स्वतःचं घर फुटलेलं दिसलं असतं, तर सुनावणीत आमचं कोण ऐकणार होतं?

"तो कोनाचा?" रामीबाईंनी मान वर न करता विचारलं.

"कुठला? काही नाही, कोरा आहे."

"माणिकभौ, मले वाचता नाई येत, मोजता येते. चोपन्न दिले व्हते."

खोटं बोलायची माझी तयारी होती, पण त्यांच्याकडे बघून ते जमेना. मी सांगितलं. देवानंदचा आहे, त्याला इमारत हवी आहे. दोरी आवळणारे हात थांबले. त्यांचा चेहरा उतरला, आणि तो मला बघवेना. मी म्हणालो, "हा नाही दिला तर कोणाला कळणार? दिला तर कदाचित जागा जाईल. विचार करा."

त्यांनी विचार केला. समोरच्या मैदानाकडे बघत बसल्या. सकाळचं झाडलेलं होतं, खराट्याच्या रेघा अजून दिसत होत्या.

"वाचून दाखवू?" मी विचारलं.

"नोको. त्यानं माह्यासाठी नाई लिहिलं, साहेबासाठी लिहिलं." मग म्हणाल्या, "मीच सांगतलं ना सगळ्याइले, ज्याचं त्यानं बोला? मंग माह्या पोराले सोडून सगळ्याइनं बोला असं सांगतलं व्हतं का? टाका पिशवीत."

मी टाकला. मग रामीबाई स्वतः पिशवी उचलून माझ्याबरोबर कार्यालयात आल्या. कारकुनानं चोपन्न वेळा शिक्का मारला आणि शेवटी मनगट चोळत म्हणाला, "काका, आधीच सांगायचं ना."

मग होळी आली. लेआउटमधल्या बायकांनी फेर धरला, लेंगी गायल्या, लालसिंगनं डफ असा वाजवला की त्याचे गुडघे दुखतात यावर कोणाचा विश्वास बसला नसता. देवानंद रंगानं भरलेला माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "काका, तो माझा कागद तुम्ही दिला नाही ना?"

"दिला. तुझ्या आईनं द्यायला लावला."

तो मटकन ओट्यावर बसला. "याडी काही बोलली नाही मला," तो म्हणाला. त्यांच्यात आईला याडी म्हणतात. तेवढ्यात रामीबाईंनीच त्याला हाक मारली आणि ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली. त्यानं ती खाली मान घालून खाल्ली.

सुनावणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाली. जिल्ह्यावरून एक अधिकारी मॅडम आल्या होत्या. तरुण होत्या, पण कपाळाला कायमची आठी. हरीओमनं पडद्यावर इमारतीची चित्रं दाखवली, कारंजं दाखवलं. मॅडमनी त्याची एक्केचाळीस पत्रं चाळली आणि विचारलं, "यातले लेआउटमध्ये किती जण राहतात?"

"राहायला येणार आहेत, मॅडम," हरीओम म्हणाला. आमच्या बाजूचे सगळे हसले. हरीओमलाही हसू आलं.

मग त्या आमच्या गठ्ठ्याकडे वळल्या आणि आमचं हसू थांबलं. "हे चोपन्न कागद एकाच दिवशी, एकाच पिशवीत, एकाच बाईंनी आणले," त्या म्हणाल्या. "आधी त्यांचीच सही असलेली हरकत आहे. असे गठ्ठे मी खूप पाहिलेत. एक माणूस घरोघर बसून लिहून घेतो आणि लोक भिडेखातर सही करतात. यात लोकांचं स्वतःचं मत किती, ते मला कसं कळणार?"

मी उठलो. भाषण तयार होतं. दुर्गाबाईनं शर्ट धरून खाली बसवलं. मॅडम कागद उलटत होत्या. बकऱ्यांपाशी थोडं थांबल्या, आमच्या घरच्या कागदापाशी जास्तच थांबल्या आणि कोण ते शोधायला वर बघितलं. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. मग एका कागदावर त्यांची नजर थांबली. पूर्ण वाचला. आणि म्हणाल्या, "हा मी मोठ्यानं वाचते."

"माझी इमारतीला हरकत नाही. माझी आई सोळा वर्षे ऊसतोडीला जात होती. मी पाचटाच्या खोपीत वाढलो. अवकाळी पाऊस आला की आई मला छातीखाली घेऊन ओणवी बसायची आणि स्वतःची पाठ भिजू द्यायची. तेव्हापासून मला वाटते की तिला जमिनीपासून उंच, कोरडे, पक्क्या छताचे घर मिळावे, जिथे पाणी चढत नाही आणि साप चढत नाही. तिला सकाळी उठून झाडावे लागू नये. लेआउटमधले सगळे नाही म्हणतात हे मला माहीत आहे. हे माझे एकट्याचे मत आहे. देवानंद गोपीचंद."

 मॅडमनी विचारलं, "हा कागदही तुम्हीच आणलात?"

"हो," रामीबाई म्हणाल्या.

"कोणाचा आहे हे माहीत होतं?"

"माह्या पोराचा हाये. इमारत पायजे म्हनते एवढं माईत व्हतं. बाकीचं आत्ताच आयकलं." आणि त्या सरळ मागं वळल्या. शेवटच्या बाकावर देवानंद बसला होता. "देवा, पाठ भिजे ते तुले आठोते?"

देवानंदनं मान हलवली.

"मले वाटे तू झोपला व्हता," रामीबाई म्हणाल्या.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी लपवत नाही. बेबीबाई तर हुंदके देत होती. मॅडमनी पाण्याचा घोट घेतला आणि विचारलं, "बाई, तुमच्या चार पानांत सगळीकडे 'आम्ही' आहे. तुमचं स्वतःचं काय म्हणणं आहे?"

रामीबाई गोंधळल्या. चार पानं मी लिहिलेली, त्यात त्यांचं काही नव्हतं. नायकाला स्वतःचं असं कोणी विचारतच नाही. त्यांनी पदर सारखा केला.

"माहं? मले सकायी दार उघडलं का पायाखाली जमीन पायजे. सोया वर्स मी दुसऱ्याचं वावर साफ केलं मॅडम. आता माहं अंगन झाडतो. पोटासाठी नाई झाडत, मले आवडते म्हनून झाडतो. पोरगं म्हनते झाडा नाई लागलं पायजे. माया हाये त्याची. पन मले उचलून वर नेऊन ठेवलं तं मी दिवसभर करू काय?" आणि मागं न बघता म्हणाल्या, "साप निंगला तं मारतो मी. तुले माईत हाये."

सगळे हसले, देवानंदही. मॅडमच्या कपाळावरची आठी पहिल्यांदा गेली. त्यांनी गठ्ठा नीट लावला आणि देवानंदचा कागद सगळ्यात वर ठेवला. "तुमच्याच पिशवीत तुमच्याविरुद्धचा कागद सापडला," त्या म्हणाल्या. "आता बाकीचे त्रेपन्न खरे आहेत असं मी मानते."

जूनमध्ये पत्र आलं. अट बदलली जाणार नाही, बैठी घरं आणि वर एक मजला हेच कायम, खुली जागा आहे तिथंच. मी ते कडुलिंबाखाली मोठ्यानं वाचलं. भाषा साधारण होती, पण मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी हरीओम पेढे घेऊन आला. ह्या वेळी पत्रक नव्हतं. आठ प्लॉट तो तसेच विकणार म्हणाला, आणि त्यातला एक स्वतःसाठी ठेवणार आहे.

देवानंदनं त्याच्या मनातलं मात्र सोडलं नाही. वर एक मजला बांधायची परवानगी होतीच. दिवाळीच्या आधी त्यानं घरावर एक खोली बांधली. पक्कं छत, पुढं छोटी गॅलरी, जमिनीपासून अकरा फूट उंच. आईसाठी. रामीबाई पंधरा दिवस वर गेल्याच नाहीत. गुडघे दुखतात म्हणाल्या. साडेपाचला खराटा मात्र रोज वाजत होता.

शेवटी एका संध्याकाळी उज्ज्वलानं आम्हा सगळ्यांना वर चहाला बोलावलं, तेव्हा त्यांना यावंच लागलं. एकेक पायरी चढून त्या गॅलरीत आल्या, कठडा धरला आणि खाली नजर टाकली. दहा वर्षं जे मैदान त्यांनी झाडलं ते वरून त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. कडुलिंब, त्याखाली बसलेली माणसं, मोहनसिंगच्या बकऱ्या, दारात मशीन चालवणारी बेबीबाई, आणि खराट्याच्या रेघा. अगदी पत्रकातल्या बाईसारख्या त्या बघत उभ्या राहिल्या.

"याडी, बरं वाटते ना?" देवानंदनं विचारलं.

"लय चांगलं दिसते रे," त्या म्हणाल्या. "लय चांगलं केलं तू." त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग डोळे बारीक करून कठड्यावरून वाकल्या. "देवा, ते बाभईच्या मांगचा कोपरा पाह्य. तथी किती कचरा हाये! खालून दिसतच नाई तो. दहा वर्सं झाली, मी तो कधी झाडलाच नाई."

चहा तसाच ठेवून त्या पायऱ्या उतरू लागल्या, गुडघ्यांचं नाव न काढता. देवानंद क्षणभर माझ्याकडे बघत राहिला, मग हसत सुटला आणि दुसरा खराटा शोधायला त्यांच्यामागं धावला. मी गॅलरीतल्या खुर्चीत आरामात बसून बघत होतो. दुर्गाबाई म्हणाली, "तुमी काय बसले? जा ना." मग मीही गेलो.